संस्थेचा स्वतःचा पत्ता : विकेंद्रित समाजमाध्यमे आणि सार्वजनिक संस्था

न्यूयॉर्कमधील भुयारी रेल्वे आणि बससेवा चालवणाऱ्या मेट्रोपॉलिटन ट्रान्सपोर्टेशन अथॉरिटीने २७ एप्रिल २०२३ रोजी एक घोषणा केली. गाड्यांना होणारा विलंब आणि मार्गातील बदल यांच्या तातडीच्या सूचना यापुढे ट्विटरवर दिल्या जाणार नाहीत, असे प्राधिकरणाने कळवले. या सूचना संगणकाद्वारे आपोआप प्रसिद्ध होत असत. ट्विटरने ती सोय सशुल्क केली होती. त्यासाठी महिन्याला ५० हजार डॉलरपर्यंत मोजावे लागतील असे दिसत होते आणि त्याआधीच्या दिवसांत सेवा खंडितही झाली होती.

आठवडाभरातच ट्विटरने सार्वजनिक सेवांना तातडीच्या सूचनांसाठी ही सोय विनामूल्य दिली आणि प्राधिकरण परतले. प्रकरण तेवढ्यापुरते मिटले. मात्र लाखो प्रवाशांना मिळणारी सार्वजनिक सूचना एका खासगी कंपनीच्या दरपत्रकावर अवलंबून आहे, हे त्या आठवड्यात उघड झाले. पुढे जूनच्या अखेरीस ट्विटरने खाते नसलेल्या वाचकांना काही दिवस मजकूर पाहणेच बंद केले. हवामान खाते, पोलीस, महापालिका अशा ज्या कार्यालयांनी आपल्या सूचना तेथे ठेवल्या होत्या, त्यांच्याही दाराला त्या काळात कुलूप लागले आणि किल्ली त्यांच्याकडे नव्हती.

युरोपातील काही सरकारी कार्यालयांनी या प्रश्नावर बराच आधी विचार सुरू केला होता. समाजमाध्यमाचा वापर करायचा, पण खाते आपल्याच सर्व्हरवर आणि आपल्याच पत्त्यावर ठेवायचे, असा हा मार्ग आहे. त्याला विकेंद्रित समाजमाध्यम म्हणतात. हे तंत्र कसे चालते, ते कोणी स्वीकारले आणि काहींनी स्वीकारून पुन्हा का सोडले, याचा हा आढावा.

एक नियमावली, अनेक सर्व्हर

फेसबुक किंवा एक्स (पूर्वीचे ट्विटर) यांवर सर्व खाती एकाच कंपनीच्या यंत्रणेत असतात. एका सेवेवरील व्यक्ती दुसऱ्या सेवेवरील व्यक्तीला संदेश पाठवू शकत नाही. ईमेलचे तसे नाही. एखाद्या विद्यापीठाच्या सर्व्हरवरून पाठवलेले पत्र जीमेलच्या ग्राहकाला मिळते, कारण दोन्ही सर्व्हर संदेशवहनाचे एकच सामायिक नियम पाळतात. अशा नियमावलीला प्रोटोकॉल म्हणतात.

भारतीय वाचकाला याहून जवळचे उदाहरण यूपीआयचे आहे. पैसे पाठवताना समोरच्याचे खाते कोणत्या बँकेत आहे किंवा तो कोणते अ‍ॅप वापरतो, याची चौकशी आपण करत नाही. मात्र यूपीआयच्या मध्यभागी नॅशनल पेमेंट्स कॉर्पोरेशन ही संस्था असते आणि प्रत्येक व्यवहार तिच्या यंत्रणेतून जातो. विकेंद्रित समाजमाध्यमात अशी मध्यवर्ती संस्था नसते.

या क्षेत्रातील सर्वाधिक प्रचलित प्रोटोकॉलचे नाव अ‍ॅक्टिव्हिटीपब. त्याची रचना आपल्याकडील कोणत्याही कार्यालयातील आवक-जावक विभागासारखी आहे. प्रत्येक खात्याला एक आवक पेटी आणि एक जावक पेटी असते. एखाद्या मंत्रालयाने निवेदन प्रसिद्ध केले की त्याचा सर्व्हर ते जावकेत नोंदवतो आणि ज्या ज्या सर्व्हरवर त्या मंत्रालयाचे फॉलोअर आहेत, तेथील आवक पेट्यांत पोहोचवतो. व्यवहारात पाठवणारा सर्व्हर आपल्या गुप्त किल्लीने संदेशावर डिजिटल सही करतो आणि घेणारा सर्व्हर ती पडताळून पाहतो. उत्तर देणे, पसंती नोंदवणे, दुसऱ्याची पोस्ट पुढे पाठवणे या सगळ्या क्रियांसाठी ठरावीक शब्द आहेत आणि ते सर्व सर्व्हरना समजतात.

खात्याचा पत्ता ईमेलसारखा दोन भागांचा असतो. पहिला भाग खात्याचे नाव, दुसरा भाग सर्व्हरचे नाव. संस्थांच्या दृष्टीने खरे महत्त्व या दुसऱ्या भागाला आहे. पत्त्याच्या शेवटी सरकारचे अधिकृत डोमेन असेल, तर खाते खरे की बनावट हे ठरवण्यासाठी कंपनीने दिलेल्या निळ्या खुणेची गरज उरत नाही. ट्विटरने २०२३ मध्ये ती जुनी खूण काढून पैसे भरणाऱ्यांना दिली, तेव्हा अनेक कार्यालयांना हा मुद्दा प्रथमच जाणवला.

या कल्पनेला इतिहास आहे. कॅनडातील इव्हान प्रोद्रोमू यांनी २००८ मध्ये आयडेंटिका ही खुली सेवा सुरू केली. न्यूयॉर्कच्या चार विद्यार्थ्यांनी २०१० मध्ये डायस्पोरा या प्रकल्पाची घोषणा केली. जर्मनीतील तरुण प्रोग्रामर ऑयगेन रोख्को यांनी २०१६ मध्ये मॅस्टोडॉन हे सॉफ्टवेअर प्रसिद्ध केले. वेगवेगळ्या सॉफ्टवेअरना परस्परांशी बोलता यावे यासाठी वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्शियम या मानक ठरवणाऱ्या संस्थेने २३ जानेवारी २०१८ रोजी अ‍ॅक्टिव्हिटीपबला अधिकृत मान्यता दिली. मॅस्टोडॉन हे त्यावर चालणारे सर्वांत परिचित सॉफ्टवेअर आहे. व्हिडिओसाठी फ्रान्समधील फ्रामासॉफ्ट या संस्थेचे पीअरट्यूब आहे. ही सॉफ्टवेअर विनामूल्य मिळतात आणि कोणतीही संस्था ती आपल्या सर्व्हरवर बसवू शकते.

निकाल लक्झेंबर्गचा, परिणाम जर्मनीत

इलॉन मस्क यांनी ऑक्टोबर २०२२ मध्ये ४४ अब्ज डॉलरना ट्विटर विकत घेतल्यानंतर मॅस्टोडॉनचे नाव जगभर झाले आणि त्याचे मासिक वापरकर्ते काही आठवड्यांत २५ लाखांवर गेले. त्यामुळे हा सारा प्रकार मस्क यांच्यावरील नाराजीतून जन्मला, असा समज आहे. सरकारी संस्थांच्या बाबतीत तो बरोबर नाही. त्यांची सुरुवात एका न्यायालयीन निकालातून झाली.

जर्मनीच्या श्लेसविग-होल्स्टाइन राज्यातील एक शिक्षणसंस्था फेसबुकवर आपले पान चालवत होती. पानाला भेट देणाऱ्यांची माहिती फेसबुक गोळा करते, हे त्यांना सांगितले जात नाही, असा आक्षेप राज्याच्या माहिती-संरक्षण प्राधिकरणाने घेतला आणि २०११ मध्ये पान बंद करण्याचा आदेश दिला. शिक्षणसंस्थेचे म्हणणे होते की माहिती फेसबुक गोळा करते, आम्ही नाही. वाद लक्झेंबर्ग येथील युरोपीय न्यायालयापर्यंत गेला. ५ जून २०१८ रोजी न्यायालयाने निर्णय दिला की पान चालवणारी संस्थाही फेसबुकच्या बरोबरीने जबाबदार आहे.

सरकारी कार्यालयांसाठी हा निकाल अडचणीचा होता. नागरिकाने मंत्रालयाचे पान पाहिले तर त्याच्या माहितीचे काय होते, याचे उत्तर मंत्रालयाने द्यायचे, पण ते मंत्रालयाला ठाऊक नाही. बाडेन-व्युर्टेम्बेर्ग राज्याचे माहिती-संरक्षण आयुक्त स्टेफान ब्रिंक यांनी २०२० च्या आरंभी ट्विटर सोडले आणि त्यांच्या कार्यालयाने मॅस्टोडॉनचा स्वतःचा सर्व्हर चालवला. त्याच वर्षी संघराज्याच्या माहिती-संरक्षण आयुक्तांच्या कार्यालयाने 'सोशल डॉट बुंड डॉट डीई' हा सर्व्हर सुरू केला आणि केंद्रीय खात्यांना तेथे येण्याचे निमंत्रण दिले. तत्कालीन आयुक्त उलरिच केल्बर यांनी २०२१ मध्ये खात्यांना फेसबुकची पाने वर्षअखेरपर्यंत बंद करण्याचा आग्रह केला. फेब्रुवारी २०२३ मध्ये त्यांनी थेट जर्मन सरकारच्या प्रसिद्धी कार्यालयाला फेसबुक पान बंद करण्याचा आदेश दिला.

प्रसिद्धी कार्यालयाने तो मानला नाही. ते न्यायालयात गेले आणि जुलै २०२५ मध्ये कोलोनच्या प्रशासकीय न्यायालयाने त्याच्या बाजूने निकाल दिला. वाचकांच्या संगणकावर ठेवल्या जाणाऱ्या कुकीजसाठी संमती घेणे ही फेसबुकची जबाबदारी आहे, प्रसिद्धी कार्यालयाची नाही, असा त्याचा आशय होता. म्हणजे ज्या कायदेशीर भीतीने ही चळवळ सुरू झाली, ती सात वर्षांनी बरीच सैल झाली. सर्व्हर मात्र तोवर उभे राहिले होते.

घरमालक कोण?

युरोपीय संघाचा अनुभव सर्वांत बोलका आहे. संघाच्या संस्थांवर देखरेख ठेवणाऱ्या माहिती-संरक्षण पर्यवेक्षकांच्या कार्यालयाने २८ एप्रिल २०२२ रोजी 'ईयू व्हॉइस' आणि 'ईयू व्हिडिओ' या दोन सेवा प्रायोगिक तत्त्वावर सुरू केल्या. पहिली मॅस्टोडॉनवर, दुसरी पीअरट्यूबवर. संघाच्या अनेक संस्थांनी तेथे खाती उघडली. तंत्र चालले, वाचक मिळाले. तरीही १८ मे २०२४ रोजी दोन्ही सेवा बंद झाल्या.

बंद होण्याचे कारण सांगण्यासारखे आहे. पर्यवेक्षकांचे कार्यालय लहान आहे आणि सर्वांसाठी समाजमाध्यम चालवणे हे त्याचे नेमलेले काम नव्हे. प्रयोग यशस्वी ठरला तर दुसरी एखादी मोठी संस्था तो हाती घेईल, अशी अपेक्षा होती. तशी संस्था मिळाली नाही. आपल्याकडे धर्मशाळा बांधायला देणगीदार मिळतो, पण तिची रोजची झाडलोट कोणाकडे यावर पंचांची बैठक अडते. येथेही तसेच झाले. नंतर युरोपीय आयोगाने स्वतःपुरता वेगळा मॅस्टोडॉन सर्व्हर युरोपीय संघाच्या अधिकृत डोमेनखाली उभारला, म्हणून किमान आयोगाचे खाते टिकले.

स्वित्झर्लंडने सप्टेंबर २०२३ मध्ये एक वर्षाच्या मुदतीने सरकारी सर्व्हर सुरू केला. वर्ष संपले तेव्हा सहा खाती आणि मिळून सुमारे साडेतीन हजार फॉलोअर एवढीच जमा होती. सरकारने मुदत वाढवली नाही आणि सप्टेंबर २०२४ च्या अखेरीस सर्व्हर बंद केला. हा आकडा निराशाजनक आहे, यात शंका नाही. मात्र ज्या माध्यमात लोक अजून आलेले नाहीत तेथे एका वर्षात गर्दीची अपेक्षा ठेवणे आणि गर्दी नाही म्हणून निघून जाणे, हे दोन्ही निर्णय घाईचे वाटतात.

नेदरलँड्सच्या सरकारने २०२३ मध्ये असाच सर्व्हर उभारला आणि तेथील उच्चशिक्षण संस्थांची संगणकीय सहकारी संस्था सर्फ हिने विद्यापीठांसाठी वेगळा प्रयोग केला. ब्रिटनच्या बीबीसीने २०२३ च्या उन्हाळ्यात संशोधन विभागामार्फत सहा महिन्यांसाठी मॅस्टोडॉन सर्व्हर सुरू केला आणि २०२४ मध्ये मुदत वाढवली. तेथे केवळ बीबीसीच्याच विभागांची खाती ठेवण्यात आली, बाहेरच्यांना नोंदणी खुली नव्हती. बहुतेक सरकारी सर्व्हरनीही हेच धोरण ठेवले आहे. परक्या लोकांच्या लेखनाची जबाबदारी अंगावर येऊ नये, हा त्यामागचा हेतू आहे.

ती जबाबदारी मोठी आहे. अमेरिकेतील स्टॅनफर्ड इंटरनेट ऑब्झर्व्हेटरीने जुलै २०२३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालात, दोन दिवसांत तपासलेल्या सुमारे सव्वातीन लाख पोस्टमध्ये बालशोषणाच्या आधीच नोंदलेल्या चित्रांचे ११२ नमुने आढळले होते. मोठ्या कंपन्यांकडे असा मजकूर पकडणारी केंद्रीय यंत्रणा असते, छोट्या सर्व्हरच्या स्वयंसेवकाकडे ती सहसा नसते. त्याच्या हाती मुख्य उपाय एकच : संशयास्पद सर्व्हरशी संबंध तोडणे. अमेरिकेतील गॅब या वादग्रस्त सेवेने २०१९ मध्ये मॅस्टोडॉनचे सॉफ्टवेअर स्वीकारले, तेव्हा शेकडो सर्व्हरनी तिला वाळीत टाकले. नियमावली कोणालाही वापरता येते, शेजार मात्र मिळवावा लागतो.

घर बदलताना

सर्व्हर बंद झाला तर खात्याचे काय, हा संस्थांना सतावणारा दुसरा प्रश्न. मॅस्टोडॉनमध्ये खाते दुसऱ्या सर्व्हरवर हलवता येते आणि फॉलोअरही सोबत येतात. जुन्या पोस्ट मात्र येत नाहीत. सरकारी कार्यालयासाठी ही त्रुटी गंभीर आहे, कारण जुनी निवेदने हा अभिलेख असतो. त्या वेगळ्या जतन कराव्या लागतात.

ही अडचण ध्यानात घेऊन ब्लूस्काय या सेवेने एटी प्रोटोकॉल नावाची वेगळी नियमावली आखली. ब्लूस्कायची कल्पना २०१९ मध्ये ट्विटरचे तत्कालीन प्रमुख जॅक डॉर्सी यांनी मांडली होती. पुढे ती स्वतंत्र कंपनी झाली आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये सेवा सर्वांना खुली झाली. यात खात्याचा सर्व मजकूर एका सही केलेल्या संग्रहात असतो आणि तो संग्रह उचलून दुसऱ्या सर्व्हरवर नेता येतो. खात्याची ओळख सर्व्हरच्या नावाला बांधलेली नसते. शिवाय कोणतीही संस्था सर्व्हर न उभारता आपले डोमेनच खात्याचे नाव म्हणून वापरू शकते. अमेरिकी सिनेटर रॉन वायडन यांनी २०२३ मध्येच सिनेटच्या अधिकृत डोमेनखालील नाव घेतले होते. मनुष्यबळ कमी असलेल्या कार्यालयांना ही सोय परवडणारी आहे. नोव्हेंबर २०२४ मध्ये ब्लूस्कायची खाती दोन कोटींवर गेली, त्यात पत्रकार, संशोधक आणि संस्था यांचा भरणा मोठा होता.

टीकाकारांचा आक्षेप असा की नियमावली खुली असली तरी बहुसंख्य खाती आणि ओळखक्रमांकांची मुख्य नोंदवही बराच काळ एकाच कंपनीच्या यंत्रणेवर राहिली. आक्षेप वाजवी आहे. मेटा कंपनीच्या थ्रेड्सबद्दलही तेच म्हणता येईल. जुलै २०२३ मध्ये सुरू झालेल्या या सेवेने डिसेंबर २०२३ पासून अ‍ॅक्टिव्हिटीपब टप्प्याटप्प्याने स्वीकारले. एप्रिल २०२४ मध्ये अमेरिकी राष्ट्राध्यक्षांच्या थ्रेड्स खात्याने ही सोय चालू केल्यामुळे त्यांच्या पोस्ट मॅस्टोडॉनवरूनही वाचता येऊ लागल्या. पण खाते मेटाच्याच घरी राहिले.

स्वतःचा पत्ताही पूर्णपणे स्वतःचा असतोच असे नाही. फेब्रुवारी २०२४ मध्ये अफगाणिस्तानच्या 'डॉट एएफ' या डोमेनवर चालणारा एक मॅस्टोडॉन सर्व्हर अचानक नाहीसा झाला, कारण तालिबानच्या ताब्यातील यंत्रणेने ते नावच रद्द केले. परदेशी डोमेन केवळ उच्चारायला सुटसुटीत म्हणून घेणाऱ्यांनी हा प्रसंग लक्षात ठेवावा.

भारतातील वाट

भारतात मॅस्टोडॉनची पहिली मोठी चर्चा नोव्हेंबर २०१९ मध्ये झाली. सर्वोच्च न्यायालयातील ज्येष्ठ वकील संजय हेगडे यांचे ट्विटर खाते बंद झाल्यावर निषेध म्हणून अनेकांनी मॅस्टोडॉनवर खाती उघडली. त्यापूर्वीपासून फ्री सॉफ्टवेअर कम्युनिटी ऑफ इंडिया हा स्वयंसेवकांचा गट पॉडरी नावाने डायस्पोराचा सर्व्हर चालवत होता. संस्था मात्र या वाटेने फारशा गेल्या नाहीत.

सरकारी संस्था गेल्या त्या 'कू'कडे. बंगळूरच्या या सेवेने ऑगस्ट २०२० मध्ये केंद्र सरकारची आत्मनिर्भर अ‍ॅप स्पर्धा जिंकली होती. फेब्रुवारी २०२१ मध्ये शेतकरी आंदोलनाच्या काळात सरकार आणि ट्विटर यांच्यात वाद पेटला, तेव्हा इलेक्ट्रॉनिक्स व माहिती तंत्रज्ञान मंत्रालयाने ट्विटरला दिलेले उत्तर 'कू'वर प्रसिद्ध केले. मंत्री आणि अनेक सरकारी विभाग पाठोपाठ आले. भारतीय भाषांना दिलेले स्थान ही 'कू'ची जमेची बाजू होती. मोठ्या कंपन्यांशी चाललेली भागीदारीची बोलणी फिसकटल्यानंतर जुलै २०२४ मध्ये संस्थापकांनी सेवा बंद करत असल्याचे जाहीर केले आणि तेथील सरकारी खाती सेवेबरोबरच संपली. कंपनी देशी होती, पण रचना ट्विटरचीच होती : सर्व खाती एका कंपनीकडे. 'कू' एखाद्या खुल्या प्रोटोकॉलवर चालत असती, तर मंत्रालयांना आपले फॉलोअर घेऊन दुसरीकडे जाता आले असते.

आपल्याकडे साधने नाहीत असे नाही. सरकारी कार्यालयांना 'गव्ह डॉट इन' हे राखीव डोमेन आहे आणि राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्र सरकारी संकेतस्थळांना यंत्रणा पुरवत आले आहे. कायद्याची चौकट थोडी वेगळी आहे. २०२१ च्या माहिती तंत्रज्ञान नियमांनुसार ५० लाखांहून अधिक नोंदणीकृत वापरकर्ते असलेल्या सेवांवर भारतात निवासी अधिकारी नेमण्यासारखी जादा बंधने आहेत. लहान सर्व्हर त्या मर्यादेत येत नाही, पण इतरांचे लेखन ठेवत असेल तर तक्रार निवारणाची मूळ जबाबदारी त्याच्यावरही येते. केवळ आपल्याच विभागांची खाती ठेवण्याचे बीबीसीचे धोरण भारतीय कार्यालयांनाही म्हणूनच अधिक सोयीचे ठरेल.

मराठी वाचकांसाठी एक मुद्दा वेगळा नोंदवायला हवा. एक्सवर देवनागरी मजकुराची लांबी मोजताना काना, मात्रा, वेलांटी यांची स्वतंत्र गणना होते, त्यामुळे २८० चिन्हांची मर्यादा मराठीत लवकर संपते. मॅस्टोडॉनची सर्वसाधारण मर्यादा ५०० आणि ब्लूस्कायची ३०० आहे. दोन्हीकडे अक्षर आणि त्याला लागलेली मात्रा मिळून एकच धरले जाते. हवामानाचा इशारा किंवा धरणातील विसर्गाची सूचना मराठीत पूर्ण वाक्यांत देण्याइतकी जागा तेथे मिळते.

पत्त्याच्या बाबतीत मात्र काम अर्धेच झाले आहे. ऑगस्ट २०१४ पासून 'डॉट भारत' हे देवनागरी डोमेन उपलब्ध आहे आणि सर्व्हरला असे नाव देता येते. परंतु मॅस्टोडॉनवर खाते उघडताना नावात रोमन अक्षरे, अंक आणि अधोरेषा एवढेच चालते. एखाद्या जिल्ह्याच्या पूर नियंत्रण कक्षाने असा सर्व्हर उभारलाच, तर पत्त्याचा उजवा भाग मराठीत लिहिता येईल, डावा भाग अजून रोमन लिपीतच लिहावा लागेल.